पेशावर, सकाळी साडेदहा

२२ एप्रिल १९३०, मंगळवार

मराठी माणसाला अटक हे ठिकाण ठाऊक असतं ते १७५८ सालामुळे. राघोबादादांच्या फौजा सिंधूपर्यंत गेल्या, अटकेपार झेंडे लागले, आणि तिथे आपल्या पाठ्यपुस्तकाचं पान उलटतं. त्याच अटकेला एकशे बहात्तर वर्षांनी काँग्रेसच्या एका चौकशी समितीला अडवण्यात आलं. समितीला सिंधू ओलांडून पेशावरला जायचं होतं. वायव्य सरहद्द प्रांतात 'फ्रंटियर क्राइम्स रेग्युलेशन' नावाचा कायदा लागू होता, तो कसा राबवला जातो हे तिला पाहायचं होतं. या कायद्याची तऱ्हा वेगळीच होती. सरकारनेच नेमलेल्या जिरग्याने, म्हणजे पंचांनी, मत द्यायचं आणि डेप्युटी कमिशनरने शिक्षा ठोकायची. वकील नाही, धड अपील नाही. एकाने गुन्हा केला तर दंड सगळ्या टोळीला. कलम ४० खाली चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागायचा आणि तो दिला नाही म्हणून तीन वर्षं आत टाकायचं. अशा कायद्याची चौकशी व्हावी असं कुठल्या सरकारला वाटेल? समितीला प्रांतात पाऊल टाकू दिलं नाही.

संध्याकाळ

बातमी पेशावरला पोचली. शहरातून मिरवणूक निघाली, शाही बागेत निषेधाची सभा झाली. दारूच्या दुकानांवर दुसऱ्या दिवसापासून निरोधन, म्हणजे पिकेटिंग, करायचं हे आधीच जाहीर झालेलं होतं. दांडीला मीठ उचलून सतरा दिवस झाले नव्हते. किनाऱ्यावर मिठाचा कायदा मोडता येतो. आमच्या पेण-उरणच्या मिठागरांच्या मुलुखात ते समजावून सांगावं लागत नाही. पेशावरहून समुद्र शेकडो मैल लांब. तिथल्या काँग्रेसने दारूचं दुकान निवडलं, यात नवल नाही.

पेशावरच्या शहरी काँग्रेसच्या मागे एक वेगळंच बळ उभं राहिलं होतं, आणि सरकारला खरी धास्ती त्याची होती. शहराच्या ईशान्येला, हश्तनगर भागात उतमानझई नावाचं गाव आहे. तिथल्या बेहराम खान या जमीनदाराचा धाकटा मुलगा अब्दुल गफार. वय तेव्हा चाळिशीच्या घरात. विशीत त्याने गावात शाळा काढली, पुढे राष्ट्रीय चळवळीत तीन वर्षांचा तुरुंग भोगला, आणि १९२९ च्या अखेरीस 'खुदाई खिदमतगार' ही संघटना उभी केली. तिच्यात येणाऱ्याला शपथ घ्यावी लागे: सूड घेणार नाही, हात उगारणार नाही, कुणी अन्याय केला तर माफ करीन. ही शपथ ज्या समाजात घेतली जात होती तिथे खुनाचा बदला पिढ्यान्‌पिढ्या चाले, आणि तो न घेणं ही घराण्याची नाचक्की समजली जाई. पांढरे कपडे लवकर मळतात म्हणून या स्वयंसेवकांनी ते चामडं कमावणाऱ्याकडच्या रंगात बुडवून घेतले, ते विटकरी तांबूस निघाले. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी त्यांना 'लाल डगलेवाले' म्हटलं. सरकारला त्या रंगात बोल्शेविक दिसले.

कोकणात पठाण म्हटला की म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांपुढे दोनच माणसं उभी राहायची. एक खांद्यावर हिंगाची पिशवी टाकलेला, दुसरा वसुलीसाठी दारात ठाण मांडून बसलेला. 'पठाणी व्याज' हा शब्द त्या दुसऱ्याची देणगी. दंडुका हातात असून तो न उगारणारा पठाण आमच्या कुणाच्या कल्पनेत नव्हता. खरं सांगायचं तर इंग्रजांच्याही नव्हता, आणि पुढच्या चोवीस तासांत जे झालं त्यातलं बरंचसं त्या कल्पनेच्या तोकडेपणातून झालं, असं मला वाटतं.

२३ एप्रिल, बुधवार. पहाट

शहर झोपेत असताना पोलिसांनी घराघरांवर छापे घातले. काँग्रेसचे नऊ पुढारी उचलले. यादीतले दोघे सापडले नाहीत: अल्लाबक्ष बर्की आणि गुलाम रब्बानी सेठी.

सकाळ, उतमानझई ते पेशावर

खान अब्दुल गफार खान साथीदारांसह पेशावरला निघाले. अंतर वीसेक मैल. पेणहून रोह्याला जाण्यापेक्षाही कमी. वाटेत नाहकीच्या पोलीस ठाण्यापाशी त्यांना अडवलं, पकडलं आणि उलट चारसद्द्याला नेलं. तिथे लोकांनी कचेरीला वेढा घातला. हजारो पठाण बाहेर, मूठभर पोलीस आत. दगडही पडला नाही. खानांनीच लोकांना शांत राहायला बजावलं होतं.

म्हणजे सकाळ पुरती उजाडायच्या आत हिशेब असा झाला: लोकांना आवरू शकणारी जेवढी माणसं त्या मुलुखात होती, ती जवळजवळ सगळी सरकारने स्वतः उचलून कोठडीत घातली. मग रस्त्यावर उरले ते लोक, आणि त्यांच्यासमोर सरकार.

सुमारे नऊ वाजता

राहिलेले दोघे लपून बसले नव्हते. पोलीस काँग्रेसच्या कचेरीवर आले तेव्हा बर्की आणि सेठी हजर झाले आणि अटक करून घेतली. दोघांना लॉरीत बसवलं. लॉरी निघाली, लोक मागे चालू लागले, घोषणा सुरू झाल्या.

थोड्या अंतरावर लॉरीचं टायर पंक्चर झालं.

यावर पुढे पुष्कळ लिहिलं गेलं. कुणी म्हणालं टायर आपोआप फुटलं, कुणी म्हणालं लोकांनी फोडलं. पण त्यानंतर काय झालं याबद्दल काँग्रेसने नंतर नेमलेल्या चौकशीपुढे आलेल्या साक्षी एकमुखी आहेत. कैद्यांनी फौजदाराला सांगितलं, आम्ही पायीच येतो, काबुली दरवाजाच्या ठाण्यावर स्वतः हजर होतो. फौजदाराने मानलं. त्याच्या जागी शहाणा माणूस दुसरं काय करणार? चिडलेल्या गर्दीच्या मधोमध दुसऱ्या लॉरीची वाट बघत उभं राहण्यापेक्षा कैद्यांनी स्वतःच्या पायांनी ठाणं गाठलेलं बरं. त्या दिवशी सरकारी पगार घेणाऱ्या कुणा माणसाने घेतलेला हा शेवटचा समंजस निर्णय असेल.

तर पुढे दोन अटकेतले पुढारी, मागे हारतुरे नि घोषणा, अशी ती वरात किस्सा ख्वानी बाजारातून निघाली. हा पेशावरचा जुना रस्ता. काबूल-बुखाऱ्याहून आलेले काफिले इथल्या सरायांत उतरायचे आणि कहवा पीत गोष्टी ऐकायचे. दोन्ही बाजूंना लाकडी सज्जांची उंच घरं, खाली दुकानं, मधे रस्ता, आणि टोकाला काबुली दरवाजा. गर्दीला बाजूला सरायला जागा कुठेच नाही. हे ध्यानात ठेवायला हवं.

सुमारे दहा

ठाण्याचा दरवाजा बंद. अटक झालेली माणसं दार वाजवतायत आणि पोलीस आत घेत नाहीत, असा प्रकार. आत घाबरगुंडी उडाली असावी. एक घोडेस्वार अधिकारी आला, गर्दी बघून माघारी वळला आणि दौडत गेला. कुठे, ते थोड्याच वेळात कळलं.

दार उघडलं. बर्की आणि सेठी आत गेले. काँग्रेसच्या चौकशीपुढची साक्ष अशी, की लोकांनी जयजयकार केला, आणि गर्दी पांगू लागली. सरकारी म्हणणं असं, की जमाव वाढत होता, दगड येत होते, ठाणं धोक्यात होतं.

इथून पुढे प्रत्येक मिनिटाच्या दोन हकिकती आहेत.

साडेदहा

चिलखती मोटारी आल्या. लोकांच्या पाठीमागून, वेगात, आणि इशारा न देता, असं काँग्रेसच्या अहवालात आहे. त्या गर्दीत घुसल्या. माणसं चाकांखाली आली. जागच्या जागी बारा ते चौदा मेले आणि बरेच जखमी झाले, असा त्या अहवालाचा अंदाज. सरकारी बाजूने मोटारींखाली माणसं आली हे नाकारलं नाही. दगडफेकीतून वाट काढताना ते झालं, एवढंच ती म्हणते.

मोटारी मागवल्या होत्या पेशावरचे डेप्युटी कमिशनर मेटकाफ यांनी. डेप्युटी कमिशनर म्हणजे आपल्याकडचा कलेक्टर. जिल्ह्याचा न्याय, महसूल, पोलीस या सगळ्यांच्या दोऱ्या त्याच्या हातात. सरहद्दीवर तर वर सांगितलेला कायदाही त्याच्याच खिशात. आयसीएसच्या परीक्षेत १९१८ साली पहिले आलेले आमच्या रोह्याचे चिंतामणराव देशमुख त्याच सुमारास मध्य प्रांतात जिल्ह्याचा कारभार करत होते. खुर्ची तीच, शिस्तीचं वळण तेच. फरक असा, की मध्य प्रांतात त्या खुर्चीच्या आणि लोकांच्या मधे कायदा होता, वकील होते, वर्तमानपत्रं होती. पेशावरला खुर्ची आणि लोक यांच्या मधे चिलखती मोटार तेवढी होती.

साडेदहा ते अकरा

एक इंग्रज निरोप्या मोटारसायकलवरून आला. तो मेला. कसा, याबद्दल एकवाक्यता नाही: मोटारीवर आदळून चिरडला गेला असं एका बाजूचं म्हणणं, जमावाने त्याला मारलं असं दुसरीचं. एक चिलखती मोटार पेटली. लोकांनी पेटवली की आतूनच आग लागली, यावरही दोन मतं. मेटकाफ ठाण्याच्या पायऱ्या चढताना खाली कोसळले आणि काही वेळ बेशुद्ध होते. सरकारी नोंदीत त्यांना वीट लागली.

मला यात कुणाची वकिली करायची नाही. रस्त्यात चाकाखाली चिरडलेली माणसं पडलेली असताना त्या गर्दीत एकाच्याही हाताने दगड उचलला नाही, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. हे शहरातले लोक होते. ते सगळे खुदाई खिदमतगार नव्हते, सगळ्यांनी शपथ घेतलेली नव्हती. पण क्रम बघा. मोटारी आधी घुसल्या, मोटार पेटली ती नंतर. या क्रमाची उलटापालट केली की संबंध दिवसाचा अर्थ बदलतो. म्हणून तर पुढे कित्येक महिने दोन्ही बाजू क्रमावरच भांडत राहिल्या.

मेटकाफ शुद्धीवर आल्यावर गोळीबाराचा हुकूम सुटला.

अकरानंतर

पहिला गोळीबार झाला. माणसं पडली. त्यानंतर जे झालं ते या सगळ्या घटनाक्रमातलं सर्वांत कमी सांगितलं गेलेलं, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं.

बोलणी झाली. गावातली पोक्त माणसं मधे पडली. लोकांचं म्हणणं साधं होतं: आमचे मेलेले आणि जखमी आम्हाला उचलू द्या, आणि तुमचं लष्कर नि मोटारी मागे घ्या. आम्ही घरी जातो. अधिकारी म्हणाले, लोकांनी आधी पांगावं. लोक म्हणाले, मुडदे टाकून कसे जाऊ?

किती वेळ ही ओढाताण चालली याच्या घड्याळी नोंदी नाहीत. पण तेवढ्या वेळात मोटारी शंभर पावलं मागे गेल्या असत्या तर? इतिहासात 'जर-तर'ला अर्थ नसतो असं म्हणायची पद्धत आहे. पण तो अर्थ निदान ज्याने नकार दिला त्याच्या पदरात घालायला हवा. मोटारी हलल्या नाहीत, लोक हलले नाहीत.

दुपार

दुसरा गोळीबार. हा थांबून थांबून तासन्‌तास चालला. बाजारात, आणि बाजाराला फुटणाऱ्या गल्ल्यांत. चौकशीपुढच्या साक्षींमधलं वर्णन असं आहे, की पुढची रांग पडली की मागचे लोक छाती उघडी करून पुढे यायचे. एकेका देहात वीस-वीस गोळ्या निघाल्या. एक शीख पोरगा शिपायासमोर उभा राहिला आणि घाल गोळी म्हणाला, शिपायाने घातली. कुणी पळालं नाही असं नाही, पण रस्ता रिकामा होत नव्हता. ज्या समाजात कमरेला हत्यार असणं ही पुरुषाची ओळख, त्या समाजातली माणसं रिकाम्या हातांनी उभी होती. घराघरात बंदुका होत्या. सज्जांमधून त्या डागल्या गेल्या असत्या तर खालच्या अरुंद रस्त्यातल्या लष्कराचं काय झालं असतं, हे सांगायला सेनापती लागत नाही.

गफार खान या वेळी वीस मैलांवर कोठडीत होते. बाजारात काय चाललंय याची त्यांना खबरही नसावी.

इथे चिरनेरची गोष्ट आठवल्याशिवाय राहवत नाही. पेणहून उत्तरेला निघून खारपाड्याचा पूल ओलांडला की पश्चिमेला चिरनेर. पेशावरनंतर पाच महिन्यांनी, २५ सप्टेंबर १९३० ला, तिथल्या अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला. पावसाळ्यात मिठाचा सत्याग्रह थंडावला आणि महाराष्ट्राने जंगलचा कायदा मोडायला घेतला होता. बिळाशी, संगमनेर, पुसद, आणि मग कुलाबा जिल्हा. चिरनेरच्या रानात पोलिसांनी गोळ्या झाडल्या. आसपासच्या गावांतले शेतकरी, कोळी, कातकरी पडले. नाग्या महादू कातकरी हे नाव इकडे अजून घेतलं जातं. मामलेदार केशव जोशी हेही त्याच दिवशी तिथेच मारले गेले. आणि लगेच तोच वाद: आधी काय झालं, नंतर काय झालं. सरकारच्या लेखी तो दंगा, खटला दंग्याचा. लोकांच्या लेखी ते हुतात्मे. दरवर्षी २५ सप्टेंबरला तिथे मानवंदना दिली जाते. गोळ्या झाडणारं खातंच आता मानवंदनेला उभं असतं. पेशावर आणि चिरनेर यांच्यात हजार मैलांचं अंतर आहे, पण सरकारी कागदावरची भाषा एका साच्यातून काढल्यासारखी.

संध्याकाळ

गोळीबार थांबला. प्रेतांपैकी पुष्कळ लष्करी गाड्यांतून नेण्यात आली आणि परस्पर विल्हेवाट लावली गेली, असा आरोप तेव्हापासून आजवर होत आला आहे. मुसलमानांची प्रेतं जाळली असंही साक्षींमध्ये आहे. सरकारी आकडा तीस मृत. काँग्रेसच्या समितीने सव्वाशे धरले. शहरात बोलले जाणारे आकडे दोनशेच्या पुढे जातात. प्रेतं ज्याच्या ताब्यात, आकडा त्याच्या ताब्यात.

२३ की २४?

गढवाली शिपायांची गोष्ट उत्तर भारतात पोरासोरांना ठाऊक आहे, आपल्याकडे फारशी नाही. दुसरी बटालियन, अठरावी रॉयल गढवाल रायफल्स. हे डोंगरी हिंदू शिपाई. पठाणांवर गोळी चालवायला हिंदू पलटण, असा तो सरळ हिशेब होता. हवालदार चंद्रसिंग यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, अधिकारी शिपायांना समजावत होते की शहरात मुसलमान बहुसंख्य आहेत, ते हिंदूंना छळतात, दुकानं लुटतात, म्हणून पलटण शहरात जायला हवी. अधिकाऱ्यांची पाठ फिरल्यावर चंद्रसिंगांनी आपल्या माणसांना सांगितलं, हे भांडण हिंदू-मुसलमानांचं नाही, काँग्रेस आणि इंग्रजांचं आहे.

गढवाली परंपरेत पुढचा प्रसंग २३ तारखेचा आहे. कॅप्टन रिकेट्सने गोळीचा हुकूम दिला, चंद्रसिंगांनी गोळी न चालवण्याचा हुकूम दिला, आणि रायफली खाली झाल्या. सरकारी नोंदीत हे घडलं २४ ला: दोन प्लॅटूननी शहरात कामगिरीवर जायला नकार दिला. तारखेचा हा घोळ कदाचित कधीच सुटणार नाही. दोन्हीकडे कबूल असलेली गोष्ट एवढीच, की ब्रिटिश हिंदुस्थानच्या एका नावाजलेल्या पलटणीने निःशस्त्र लोकांसमोर उभं राहायला नाही म्हटलं. १८५७ ची सावली ज्यांच्या झोपेतून कधी गेली नव्हती, त्या सरकारला पेशावरच्या मुडद्यांपेक्षा या नकाराने जास्त हादरवलं. अबोटाबादला कोर्टमार्शल झालं. चंद्रसिंगांना जन्मठेप, इतरांना वेगवेगळ्या मुदतीच्या शिक्षा.

गांधींना हा नकार मान्य नव्हता, हे अनेकांना रुचत नाही. दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या वेळी एका फ्रेंच पत्रकाराने विचारलं तेव्हा ते म्हणाले त्याचा मथितार्थ असा: शिपायाने शपथ घेतली आहे, हुकूम मोडणं हा शपथभंग आहे. उद्या स्वराज्य आलं तर याच शिपायांवर मला राज्य चालवायचं आहे. १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात सत्याग्रही सुटले, गढवाली सुटले नाहीत. मला हे उत्तर आजही पटत नाही. गोळी घालायचं नाकारणं याहून अहिंसेची दुसरी कसोटी काय असते? पण गांधींच्या मनात शपथेचं वजन काय होतं ते त्यातून कळतं. आणि सूड न घेण्याची शपथ पाळून किस्सा ख्वानीत उभ्या राहिलेल्या माणसांचं वजनही.

२४ एप्रिलची रात्र, २५ ची पहाट

चीफ कमिशनर सर नॉर्मन बोल्टन यांनी शहरातून लष्कर काढून घेतलं. पोलीसही नावापुरते राहिले. भिंतीच्या आतलं पेशावर कुणाच्याही राज्यात नव्हतं. सरकारी तर्क असा, की आता लूटमार होईल, हिंदू-शीख सराफांची दुकानं फुटतील, लोक परत लष्कर मागायला येतील. तसं झालं नाही. काँग्रेसचे आणि खिलाफतीचे स्वयंसेवक पहारा देत होते. नऊ-दहा दिवस शहर असं चाललं.

४ मे ला पहाटे लष्कर परत शिरलं. त्याच रात्री, बारा वाजून गेल्यावर, कराडीच्या झोपडीतून गांधींना उचललं. मेच्या मध्यावर लष्कर उतमानझईत गेलं. खुदाई खिदमतगारांची कचेरी जाळली, अंगावरचे लाल कपडे फाडले. गफार खानांना कलम ४० खालीच तीन वर्षं ठोकली आणि पंजाबातल्या गुजरातच्या तुरुंगात धाडलं. त्यांच्या गैरहजेरीत त्यांची संघटना फुगत गेली. एप्रिलपूर्वी हजारभरही नसलेले लाल डगले वर्ष सरता सरता हजारोंनी मोजावे लागत होते. बंदुकीवर वाढलेल्या माणसांना बंदुकीपुढे उभं राहिलेली माणसं बघून काय वाटलं असेल ते असो, त्यांनी नावं नोंदवली.

नंतर

सरकारने दोन न्यायमूर्तींची समिती नेमली, सुलेमान आणि पॅंक्रिज. काँग्रेसने विठ्ठलभाई पटेलांची. विठ्ठलभाईंनी २५ एप्रिललाच मध्यवर्ती विधिमंडळाच्या अध्यक्षपदाचा राजीनामा दिला होता. त्यांना सरहद्द प्रांतात येऊ दिलं नाही, म्हणून त्यांनी रावळपिंडीत बसून साक्षी घेतल्या. पेशावरचे लोक सिंधू ओलांडून साक्ष द्यायला आले. अहवाल छापून झाला आणि जप्त झाला.

जप्त झालेली हकिकत तोंडी सांगितली तर? त्याचं उत्तर मुंबईत मिळालं. गांधी-आयर्विन करारात सुटलेले आणि १९३१ च्या नाताळात पुन्हा पकडलेले गफार खान, त्यांचे थोरले भाऊ डॉ. खानसाहेब यांच्यासह, ऑगस्ट १९३४ मध्ये हजारीबागच्या तुरुंगातून सुटले, पण पंजाब आणि सरहद्द प्रांत दोघांनाही बंद. जमनालाल बजाजांच्या बोलावण्यावरून ते वर्ध्याला आले. त्या वर्षीच्या मुंबई काँग्रेसचं अध्यक्षपद घ्या म्हणून गफार खानांना आग्रह झाला. मी खिदमतगार आहे, म्हणत त्यांनी नाकारलं. अधिवेशनाच्याच दिवसांत, २७ ऑक्टोबरला, नागपाड्याच्या नेबरहुड हाउसमध्ये ख्रिस्ती तरुणांपुढे ते बोलले. सरहद्दीवर चळवळ कशी उभी राहिली आणि सरकारने तिचं काय केलं, एवढाच विषय.

ते वर्ध्याला परतले. तिथे गांधी होते, गावाबाहेर नालवाडीत पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनोबा होते. खानांनी बंगालच्या खेड्यांत जाऊन काम करायचं ठरवलं होतं. ७ डिसेंबरला पोलीस आले. मुंबईचं वॉरंट, कलम १२४ अ, राजद्रोह. कोर्टात त्यांनी गांधींच्या सल्ल्याने निवेदन केलं, की सरकारविरुद्ध द्वेष पसरवण्याचा हेतू नव्हता. मॅजिस्ट्रेटने दोन वर्षं सक्तमजुरी दिली.

१९३६ च्या ऑगस्टमध्ये सुटले तेव्हाही प्रांतबंदी कायम होती. पुन्हा वर्धा. पेशावरचा रस्ता त्यांना मोकळा झाला तो १९३७ मध्ये, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात डॉ. खानसाहेब सरहद्द प्रांताचे मुख्यमंत्री झाले. डेप्युटी कमिशनर आता त्यांना सलाम करत होते. हवालदार चंद्रसिंग गढवाली तेव्हा तुरुंगातच होते, आणखी चार वर्षं राहिले.